बर्फाची पाळी

शहाण्णव मीटर उंची. तीनशे पासष्ट मनोरे.
चाळीस किलो सोनं, कृपया भिंतींना हात लावू नये.
दिवसातून पाच वेळा मी हे म्हणते,
जपमाळ ओढावी तसं,
पंचेचाळीस मिनिटांत, तेही उलटं चालत.
उलटं चालताना माणसांचे चेहरे दिसतात
आणि पायऱ्या पाठ होतात.

आज सव्वादहाच्या गटात एकोणीस जण.
अठरा वर बघत होते, सोन्याकडे.
एक म्हातारा खाली.
पेन्शनरांचं अर्ध्या दराचं तिकीट, कोट इस्त्रीचा,
बाहीवरचं एक बटण मात्र दुसऱ्याच रंगाचं.

मुकुटापाशी सगळे गप्प होतात,
मग कुणीतरी विचारतं, वरचा क्रूस कशानं वाकला?
मी म्हणते, नक्की कुणालाच ठाऊक नाही.
दिवसभरात एवढं एकच वाक्य मी मनापासून बोलते.
त्यानं तेही विचारलं नाही.

सभागृहाबाहेर खिडकीशी पितळी खाचा,
सिगार ठेवायला, आकडे घातलेल्या.
भाषण रंगलं की सभासद आतच अडकायचे
आणि इकडे सिगारची राख व्हायची.
इथे लोक हसतात. हसले.
मोजले तर अठराच.

तो आत होता. शेवटच्या बाकाच्या पायाशी
गुडघे टेकून, लोखंडी जाळीवर पंजा ठेवून,
झोपलेल्या जनावराचा श्वास बघावा तसा.

“बाची, दोरीच्या अलीकडे या.”
“खालीच होतो की गं,” म्हणाला, “एकवीस वर्षं.”

नाव वेंडेल. बर्फाच्या पाळीवर होता.
बाहेर चौकाखाली विहीर, विहिरीत बर्फाच्या लाद्या,
लाद्यांवरून वारा, वाऱ्याला बोगदा,
आणि बोगदा थेट या मखमली बैठकांपर्यंत.
पूर्वी म्हणे डॅन्यूब गोठली की तिच्यातूनच कापून आणायचे,
त्याच्या वेळी कारखान्याचा ट्रक यायचा, पहाटे चारला.
बायको विचारायची, भर जुलैत तुझेच हात कसे गार?
तो म्हणायचा, सरकारी काम आहे.

“शब्द नाही यायचे खाली.
खोकला यायचा. खुर्ची सरकायची.
आणि मतदान झालं की एक आवाज,
तीनशेवर बाह्या वर सरकल्याचा.
नेहमी एकदम.
एखादी तरी मागे राहील म्हणून
मी फावडं थांबवून ऐकायचो.”

“राहिली कधी?”

त्यानं जाळीवरून बोट फिरवलं, धूळ पाहिली.
“एकदा वाटलं होतं.
पण बर्फही तसाच वाजतो, तडकताना.”

दाराशी रक्षकाचा वायरलेस खरखरला.
पुढचा गट जिन्यावर आला होता, कुणाचं तरी मूल रडत होतं.
वेंडेल बाची उठला, गुडघे कडाकडा वाजले,
आणि त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं,
लाकूड, सोनं, गॅलऱ्या, पार छतापर्यंत.
“बराच उंच आहे,” तो म्हणाला.
“तरीच पुरत नव्हता.”

छातीवरची चिठ्ठी काढून त्यानं घडी केली,
खिशात ठेवली, कचऱ्याचा डबा शेजारीच असून.
मी आभार मानले, तेही पाठ आहे.

सव्वाअकरा. शहाण्णव. तीनशे पासष्ट. चाळीस.
जाळीपाशी माझे पाय थांबले.
तिच्याबद्दल माझ्या पाठांतरात एक ओळ नाही,
म्हणून मी काहीच बोलले नाही,
आणि लोक छताकडे पाहत राहिले, उगाच.
एक मुलगी तेवढी उकिडवी बसली, हात धरला.
“काही येत नाहीये,” ती म्हणाली.
“बंद आहे,” मी म्हणाले.
तिनं हात काढला नाही.